देवाचं सुतक

यु-चू येणार हे कळल्यापासून बी-श्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळपासून तिने टेबलं तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. लाल प्लास्टिक अंथरलेली चार गोल टेबलं अंगणात ढळढळीत समोर दिसत होती, तरीसुद्धा.

आपल्याच माहेरी जेवायला यायला बाईला सात वर्षं लागावीत, आणि तेही आईने स्वतः फोन करून बोलावल्यावर! "वर्षअखेरीचं जेवण आहे. कोंबडा मोठा आहे. ये," एवढंच आमा म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ऐंशी उलटलेली ही सासू नातवंडांची आमा, मुलासुनेची आमा आणि खडी क्रशरवरच्या चौदा कामगारांचीसुद्धा आमाच. फक्त यु-चू तिला आई म्हणायची. कोंबड्यापलीकडे आमा एक अक्षर बोलली नाही खरी, पण बी-श्याने तीस वर्षं तिच्या हाताखाली काढली होती. कोंबड्याच्या नावाखाली भलतंच काही शिजतंय हे तिने तेव्हाच ओळखलं.

भानगड नियमाची होती. जिल्ह्याच्या कचेरीने उन्हाळ्यात फतवा काढला होता की नव्या वर्षापासून उघड्यावर खडी फोडायची नाही. क्रशरला चारी बाजूंनी भिंती घाला, वर छप्पर टाका, खडी वाहून नेणारे पट्टे झाका, धूळ खेचणारं यंत्र बसवा. ज्याला जमत नाही त्याने दोन वर्षांची मुदत मागायची आणि तोवर धुळीवर पाण्याचे फवारे मारत बसायचं. अर्ज कुठलाही करा, पण उद्या संध्याकाळच्या आत करा आणि त्यावर मालकाचा शिक्का हवा. शिक्का आमाचा. शिंगाचा, करंगळीएवढा, कमरेच्या पिशवीत. आंघोळीला जातानाही ती पिशवी सोबत नेते म्हणे.

शुई-मूने, म्हणजे बी-श्याच्या नवऱ्याने, मुदतीचा अर्ज भरून तयार ठेवला होता. फतवा यु-चूच्याही कानावर गेला होता आणि ती शेडचा अर्ज आणि नकाशा घेऊन येणार होती. आणि ही दोघं सख्खी भावंडं सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

यु-चू नदीपलीकडच्या गावात शाळेची मुख्याध्यापिका. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की क्रशरचा पांढरा धुरळा नदी ओलांडून थेट तिच्या वर्गात. शाळेत रोज सकाळी हवेतलं प्रदूषण बघून झेंडा लावायचा असतो, हिरवा, पिवळा, नारिंगी, नाहीतर लाल. लाल लागला की मुलं मैदानात उतरत नाहीत. एका महिन्यात अकरा दिवस लाल लागला, तेव्हा यु-चूने कचेरीत तक्रार दिली. निनावी नाही, स्वतःच्या नावाने. क्रशर नऊ दिवस बंद राहिला. शुई-मूने बहिणीचं नाव टाकलं आणि आमाने सांगून टाकलं, "बोलावल्याशिवाय येऊ नकोस." आमाने सात वर्षं बोलावलं नाही आणि लेकही तिचीच, ती आली नाही.

बी-श्याला शेड हवी होती. शाळेतल्या मुलांचं तिला वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण खरं कारण तिच्या शेजारी झोपायचं. शुई-मू रोज पहाटे उठून मोरीत जायचा, नळ सोडायचा आणि खोकायचा. बाहेर येऊन म्हणायचा, चहा चुकीच्या नळीत गेला. अरे बाबा, अजून चहा केलेलाच नाही, तर तो गेला कुठून? पण हे बोलायची सोय नव्हती. बोललं की तीन दिवस अबोला धरायचा.

आणि शेडच्या आड येत होता देव.

दोन क्रशरपैकी दुसऱ्यापासून दहा पावलांवर, डंपर जातात त्या फाटकाशी, भूमिदेवाचं छोटं देऊळ होतं. शेड घालायची तर ते तिथून हलवायला हवं. आणि ह्या देवाला हात लावायची आमाची सक्त मनाई होती, कारण देव सुतकात होता.

बाकी गावांतले भूमिदेव लालगुलाबी तोंडाचे, भरजरी झग्यातले. हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. सव्वीस वर्षांपूर्वी आमाचा नवरा थिएन-फा वारला, ज्याने नदीतले गोटे घणाने फोडून हा धंदा उभा केला तो. त्या वर्षअखेरीला आमा नैवेद्य घेऊन देवळात गेली तर देवाचं तोंड पांढरं पडलेलं! पांढरा रंग सुतकाचा. आमाने तिथेच बसकण मारली आणि हंबरडा फोडला की देवानेसुद्धा थिएन-फासाठी सुतक धरलं. तेव्हापासून देवाला पुसायचं नाही, झटकायचं नाही. "त्याचं त्याला जेव्हा सोडायचं तेव्हा सोडेल." पुढे ही गोष्ट पसरली आणि लांबलांबचे डंपरवाले वाट वाकडी करून 'पांढऱ्या देवा'ला उदबत्ती लावू लागले.

आता खरं काय ते फक्त बी-श्याला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी वादळात देवळाचं कौल फुटलं आणि पाण्याची धार नेमकी देवाच्या उजव्या गालावर लागली. सकाळी बी-श्या बघते तर गालावर रुपयाएवढा लालचुटुक डाग. देवाच्या अंगावर सुतक कसलं, खडीची भुकटी होती! वर्षानुवर्षं दव आणि उदबत्तीचा धूर खाऊन गिलाव्यासारखी घट्ट झालेली. बी-श्याच्या पायाखालची जमीन सरकली. आमा अर्ध्या तासात येणार. मग ह्या बाईने काय करावं? पट्ट्याखालची मूठभर भुकटी आणली, स्वतःच्या लग्नातला पावडरचा पफ काढला आणि देवाला पावडर लावली. तेव्हापासून दर चांद्र महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या तिथीला, म्हणजे देवाच्या नैवेद्याच्या दिवशी, सगळ्यांच्या आधी येऊन, डाग दिसला की पावडर. अकरा वर्षं! कुणाला सांगणार आणि काय म्हणून सांगणार?

अकराच्या सुमाराला यु-चूची छोटी हिरवी गाडी फाटकातून आत आली आणि चाकं धुवायच्या हौदापाशी थांबली.

"वहिनी, गाडी धुवून आत घेऊ की तशीच?" काच खाली करून यु-चूने विचारलं. "डंपरला नियम आहे, मला आहे का माहीत नाही."

"ये गं बाई, तशीच ये." बी-श्याने दार उघडून तिला जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. केस पांढरे झाले होते पोरीचे. पोरगी कसली, पन्नाशीची झाली होती. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या.

"दादा कसा आहे?"

"खोकतोय," बी-श्या पटकन बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

तेवढ्यात थिएन-लू काका आले. थिएन-फाचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, कुणाच्याही बाजूने बोलायला कायम तयार. सकाळी शुई-मूच्या हातचा चहा पिताना त्यांनी ठणकावून सांगितलं होतं की मुदतीचा अर्ज म्हणजे शहाण्याचं काम. आता यु-चूच्या हातातला अननसाच्या वड्यांचा डबा बघून त्यांचा चेहरा खुलला.

"शेड झालीच पाहिजे!" काका म्हणाले. "मी सकाळपासून हेच सांगतोय. वहिनीला विचार."

"काका, तुम्ही सकाळी..." बी-श्या म्हणायला लागली.

"सकाळी मी उपाशी होतो गं."

शुई-मू नव्या फवाऱ्यांची नळी गुंडाळत होता. बहिणीला बघून त्याने नळी पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. मग फुतिंगला, लोडर चालवणाऱ्या आमीस जमातीच्या आदिवासी गड्याला, मोठ्याने म्हणाला, "फुतिंग, मुख्याध्यापिकाबाईंना खुर्ची दे. आणि सांग, आज क्रशर बंद आहे. तक्रार करायची तर कोंबड्याची करावी लागेल."

"मालक म्हणतात, खुर्ची घ्या," फुतिंग म्हणाला.

"त्यांना सांग, उदबत्त्यांचा धूरही बराच आहे," यु-चू म्हणाली.

"बाई म्हणतात, वास छान येतोय," फुतिंगने पोचवलं. सगळे कामगार खो खो हसले. शुई-मूच्या ओठाचा कोपराही हलला, पण त्याने तो आवरला.

हसू तिथेच संपलं असतं तर बरं. पण शुई-मूने खिशातून अर्ज काढून टेबलावर आपटला, यु-चूने नकाशाची गुंडाळी त्याच्या शेजारी ठेवली आणि सात वर्षांचं तुंबलेलं पाणी फुटलं.

"नऊ दिवस क्रशर बंद होता! चौदा घरांची चूल माझ्याकडे बघत होती, आणि कुणामुळे? माझ्या पाठच्या बहिणीमुळे!"

"आणि माझ्याकडे दोनशे मुलं बघत होती, दादा! बेंचावर बोटाने चित्र काढायची. एवढी धूळ! एका मुलीने तुझा क्रशर काढला होता, हुबेहूब."

"आपण दोघं ह्याच धुळीत वाढलो. मेलो का?"

"बाबा कितव्या वर्षी गेले, आठवतंय ना?"

थिएन-फा साठाव्या वर्षी गेला होता. शुई-मू छप्पन्नचा होता.

"पुरे," आमा म्हणाली. ती कधी येऊन बसली कुणी पाहिलंच नव्हतं. "मी भांडण ऐकायला नाही बोलावलं. शिक्का माझ्याकडे आहे आणि मला दोघांचंही पटतंय, म्हणून कोणाचंच पटत नाही. ज्याचं देऊळ हलवायचं त्याला विचारू. कौल लावू. तीनदा लागोपाठ होकार आला तर शेड. नाही आला तर फवारे, आणि मग यु-चू, तू पुन्हा ह्या विषयावर बोलायचं नाहीस. कबूल?"

यु-चूने बी-श्याकडे पाहिलं. बी-श्याने मान खाली घातली.

"कबूल," यु-चू म्हणाली.

सगळी मंडळी देवळापुढे गोळा झाली. कोंबडा, डुकराचं मांस, तळलेला मासा असा तिन्हींचा नैवेद्य मांडलेला होता. आमा उशीवर गुडघे टेकून बसली, कौलाचे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे तिने कपाळाला लावले आणि नाव, गाव, घर क्रमांक, तिथी असं सगळं सांगायला सुरुवात केली.

"पत्ता कशाला सांगतेस वहिनी, तो इथेच तर राहतो," काका कुजबुजले.

"गप्प बसा."

आमाने कौल टाकला. एक पालथा, एक उताणा पडला की होकार. दोन्ही पालथे म्हणजे नकार. पडले दोन्ही उताणे.

"हसला," फुतिंग म्हणाला. दोन्ही उताणे म्हणजे देव हसतोय, उत्तर देत नाही.

आमाने पुन्हा टाकला. दोन्ही उताणे. घोळक्यात चुळबुळ झाली. "माझा प्रश्न नीट नसेल," असं पुटपुटत आमाने तिसऱ्यांदा सावकाश, एक एक शब्द उच्चारून विचारलं आणि कौल टाकला. दोन्ही उताणे!

"सव्वीस वर्षांत असं झालं नाही," आमाचा आवाज कापरा झाला. "हा कशाला हसतोय? सुतकातला देव हसतो कधी? माझं काही चुकलंय का? कुणाचं काही चुकलंय का इथे?"

शुई-मू म्हणाला, "होकार आला नाही, एवढं बास. चला, अर्जावर शिक्का..."

बी-श्या मनातल्या मनात हिशोब मांडत होती. बोललं तर तीस वर्षांची सासूची मर्जी गेली. म्हातारीचा देवसुद्धा गेला, तिच्या सोबतीने रडणारा. न बोललं तर नवरा उद्या पहाटे मोरीत जाणार, परवा जाणार, आणखी दोन वर्षं जाणार. चार वर्षांनी तो साठ पूर्ण करणार. तिने शुई-मूच्या मानेकडे पाहिलं. कॉलरच्या घडीत पांढरी रेघ होती, आज सुट्टी असूनसुद्धा.

"आमा," ती म्हणाली, "तो माझ्याकडे बघून हसतोय."

आणि मग तिने सगळं सांगितलं. वादळ, गालावरचा डाग, पट्ट्याखालची भुकटी, लग्नातला पावडरचा पफ. सांगताना तिला रडू येत होतं आणि मध्येच, पफाशी आली तेव्हा, मागे कुणीतरी फिसकन हसलं. बी-श्याने डोळे मिटून घेतले. आता कानशिलात बसणार असं तिला खरोखरच वाटलं.

आमाने कौलाचे तुकडे बाजूला ठेवले.

"गरम पाणी आण," ती म्हणाली. "आणि नवा पंचा."

"आमा, मी करते..."

"अकरा वर्षं केलंस तेवढं पुष्कळ झालं. पाणी आण."

आमाने देवाला दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ओला पंचा तिने देवाच्या कपाळावर धरून ठेवला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर धरतात तसा. मग अंगठ्याने हळूच चोळलं. आधी काहीच झालं नाही. मग उकडलेल्या अंड्याचं टरफल निघावं तसा एक पोपडा सुटला आणि खालून तांबूस, तुकतुकीत कपाळ बाहेर आलं. मग भुवया. मग गोबरे गुलाबी गाल. मग दाढीआडून ओठ, आणि ओठांवर चांगलं रुंद, खुशालचेंडू हसू. झगा लाल होता आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी.

"अरे!" काका ओरडले. "हातात दगड नाहीये त्याच्या! सोन्याची वडी आहे!"

"मी दहा वर्षं दगड म्हणून पाया पडलो," फुतिंग म्हणाला. "क्रशरचा देव, म्हणजे दगडच असणार हातात."

आमा देवाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "तू हसतोयस?" ती म्हणाली. "सव्वीस वर्षं मी तुझ्यापुढे बसून थिएन-फाचं नाव घेऊन रडले, आणि तू आत गालातल्या गालात हसत होतास होय रे, मेल्या?"

तिचे खांदे हलायला लागले. बी-श्या धावत तिच्याजवळ गेली, यु-चूही गेली. दोघी तिच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसल्या आणि जवळून बघतात तर म्हातारी हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हसत होती, उरलेले सगळे दात दाखवून.

"मला वाटायचं, मी एकटी नाही," ती म्हणाली. "रात्रंदिवस कुणीतरी माझ्याबरोबर सुतक पाळतंय. खूप आधार वाटायचा गं त्याचा."

"आमा, माझी चूक झाली," बी-श्याचा बांध फुटला.

"तुझी कसली चूक? तू बिचारी त्याला पावडर लावत बसलीस. तुझ्या स्वतःच्या तोंडाला जन्मात लागली नसेल एवढी!" आमाने पंच्याच्या कोरड्या टोकाने सुनेचं नाक पुसलं, भर घोळक्यात, आणि सगळ्यांना हसायला मोकळीक झाली.

शुई-मू तेवढा हसत नव्हता. तो पंचा पिळलेल्या घमेल्यात बघत होता. पाणी वर निवळलं होतं आणि तळाशी बोटभर पांढरा चिखल बसला होता.

"दुसरा क्रशर," तो हळू आवाजात म्हणाला. "बाबा गेले त्याच महिन्यात मी आणला. त्यांना दाखवायचा राहिला म्हणून मला किती वाईट वाटलं होतं."

सुतक कुणी घातलं ते सगळ्यांना कळलं होतं.

"इकडे ये," आमा म्हणाली.

"काय?"

"ये म्हटलं ना. वाक खाली."

छप्पन्न वर्षांचा मालक चौदा कामगारांसमोर वाकला. आमाने पंचा पिळला आणि त्याचं तोंड पुसलं. कपाळ, भुवया, कानामागे, मान. शाळेत पाठवायच्या आधी पुसतात तसं, खसाखसा. पंचा पांढरा झाला.

"मी सकाळी आंघोळ केली होती," शुई-मू पुटपुटला.

"आता खोक."

"आं?"

"पहाटे मोरीत खोकतोस तसा खोक. नळ सोडला की आईला ऐकू येत नाही, असं वाटतं होय तुला? भिंतीपलीकडे मी झोपते. तुझा बापही असाच नळ सोडायचा."

शुई-मूने काहीतरी उत्तर द्यायला श्वास घेतला आणि त्याला खरोखरीच खोकला आला. ह्यावेळी नळ नव्हता. खोकून झाल्यावर तो तसाच वाकलेला राहिला. बी-श्याने पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याने तो झटकला नाही. तीस वर्षांच्या संसारात इतकं हलकं तिला क्वचितच वाटलं होतं.

मग शुई-मू ताठ झाला आणि नाक ओढून बहिणीकडे न बघता म्हणाला, "नकाशा दाखव."

यु-चूने गुंडाळी उलगडली. दोघं टेबलावर वाकली. अर्धं मिनिट गेलं असेल.

"हे काय? दार उत्तरेला?"

"डंपरला वळायला तिकडूनच सोपं, दादा."

"आणि थंडीत वारा सरळ आत घुसेल तो? धूळ सगळी बाहेर! वारा काय तुझा बाप अडवणार?"

"माझा बाप तोच तुझा बाप."

"मग त्याने तुला अक्कल कमी दिली. दार दक्षिणेला. आणि पट्ट्याचं हे वळण कुणी काढलं? शाळेतल्या पोरांनी?" शुई-मूने फुतिंगच्या कानावरची पेन्सिल ओढली आणि नकाशावर रेघोट्या मारायला लागला. "दुसरा क्रशर आजपासून बंद. शेड होईपर्यंत पहिल्यावर भागवू, आणि तोही वारा नसेल तेव्हाच. काय बघतेस? पकड ते टोक, गुंडाळतंय."

यु-चूने टोक पकडलं. तिचा चेहरा असा फुलला होता की बी-श्याला तिथे बघवेना. ती उगाच जाऊन पुन्हा टेबलं मोजून आली. चार होती.

"वहिनी, कौल राहिला ना पण," काकांनी आठवण केली. "तीनदा होकार म्हणाली होतीस."

"विचारते की." आमाने कौल उचलला. "आता हसलास तरी चालेल रे. तोंड दिसतंय आता." टाकला. एक पालथा, एक उताणा. घोळक्यातून आरोळी उठली. पुन्हा टाकला. पुन्हा एक पालथा, एक उताणा. कामगारांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि कुणीतरी फटाक्यांची माळच पेटवली. आमाने तिसऱ्यांदा हात उचलला आणि क्षणभर थांबून कौल खाली ठेवून दिला.

"दोनदा हो म्हणाला. आणखी किती छळायचं त्याला? जेवण गार होतंय."

कमरेच्या पिशवीतून शिक्का निघाला. लाल शाईचा ठसा यु-चूच्या अर्जावर उमटला आणि शुई-मूच्या अर्जाचं काय करायचं हे विचारण्याआधी फुतिंगने त्यावर माशाचं ताट ठेवलं.

जेवण असं रंगलं की विचारू नका. मांस भरलेल्या मऊ पावांचा फन्ना उडाला. जेवणानंतरच्या बक्षिसांच्या सोडतीत तांदूळ शिजवायचा कुकर काकांना लागला आणि त्यांनी तो लगेच यु-चूला देऊन टाकला, मग परत मागितला. शुई-मूने बहिणीच्या ताटात कोंबड्याची तंगडी टाकली, न बोलता. तिनेही ती न बोलता खाल्ली. बाकी सगळं दार दक्षिणेला की उत्तरेला ह्यावर मोठमोठ्याने चाललं होतंच.

तीनच्या सुमाराला यु-चू निघाली. तेव्हा प्रश्न आला की शेड बांधेपर्यंत देव राहणार कुठे?

"आमच्या माडीवर," शुई-मू म्हणाला.

"माझ्याकडे चालेल," काका म्हणाले. "मला सोबत होईल."

"यु-चूकडे," आमा म्हणाली.

यु-चू गाडीच्या दारात थबकली. "माझ्याकडे? पण आई, मी तर नदीपलीकडे..."

"नदीपलीकडेच. आपली धूळ जिथे जाऊन पडायची तिथे त्यालाही बसू दे. बघू दे कसं असतं ते." आमाने देवाला नव्या पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. ती यु-चूकडे न बघता देवाच्या झग्याची घडी नीट करत राहिली. "आणि देव तिकडे असला म्हणजे दर दुसरीला आणि सोळावीला नैवेद्य घेऊन मला यावं लागेल. महिन्यातून दोनदा. त्याला काही इलाज नाही. देवाच्या घरी जायला बोलावणं लागत नाही."

यु-चू सबंध दिवसात रडली नव्हती, ती आता रडली. आईच्या खांद्यावर डोकं ठेवता येईना, मध्ये देव होता, म्हणून देवासकट तिला मिठी मारली. बी-श्याही त्यांना बिलगून उभी राहिली. शुई-मू हौदाच्या नळाकडे निरखून बघत होता, त्यात काही बिघाड असावा तसा.

देवाला पुढच्या सीटवर बसवलं. मागे त्याला मळमळेल, असं आमाचं मत पडलं. शुई-मूने स्वतः पट्टा ओढून देवाला बांधला, ढिला वाटला म्हणून परत सोडून आवळून बांधला. "खड्डे सांभाळून," तो बहिणीला म्हणाला.

"दादा, शेडला किती दिवस लागतील?"

"पत्रे आले, माणसं मिळाली, तर चार महिने. जोर लावला तर तीन."

हिरवी गाडी फाटकातून बाहेर पडली आणि नदीच्या पुलाकडे वळली. लालबुंद तोंडाचा देव काचेतून हसत गेला. आमा ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली. मग तिने मुलाची बाही ओढून त्याला जवळ घेतलं आणि फक्त त्याला आणि बी-श्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"दुसरा क्रशर बंदच आहे ना? मग शेड सावकाश बांध हो."